वाटेचें भय आणि मुक्कामाची सोय

विष्णुभट गोडसे वरसईकर ह्यांचें ‘माझा प्रवास’ हें पुस्तक भारताचार्य चिंतामणराव वैद्य ह्यांनीं १९०७ सालीं प्रसिद्ध केलें. तेव्हांपासून मराठी वाचक तें झाशीच्या राणीसाठीं वाचीत आला आहे. सत्तावनची धामधूम डोळ्यांनीं पाहिलेला साक्षीदार म्हणून इतिहासज्ञांनीं गोडसे भटजींची उलटतपासणी केली. मूळ हस्तलिखितावरून दत्तो वामन पोतदार ह्यांनीं १९६६ सालीं काढलेल्या आवृत्तीमुळें संपादकाचा हात कोठें कोठें फिरला होता, हेंही उघड झालें. ह्या सर्व श्रमांविषयीं आदर बाळगूनही आमची एक तक्रार आहे. ज्या पुस्तकाचें नांवच ‘माझा प्रवास’, तें प्रवासाचें पुस्तक म्हणून आपण फारसें वाचलेलें नाहीं.

वरसई हें गांव पेण तालुक्यांतलें. त्याच तालुक्यांतून आज मुंबई-गोवा महामार्ग जातो. वडखळास अलिबागचा फांटा उजव्या हातास टाकून पुढें निघालें, म्हणजे डोलवीचा पोलादाचा कारखाना लागतो आणि मग गडब. कारखान्याचा माल वाहणारे व कोंकण-गोव्याकडे जाणारे ट्रक ह्या बाजूनें रात्रंदिवस चालू असतात. रात्रीं रस्त्याच्या कडेस दिवे मालवून उभ्या असलेल्या गाडींत अंगाचें मुटकुळें करून झोंपलेला चालक पाहिला, कीं गोडसे भटजींच्या पुस्तकाचा आजचा वारस कोण, हें वेगळें सांगावें लागत नाहीं.

भटजी १८५७ सालीं चुलत्यांबरोबर घराबाहेर पडले, ते पराक्रम गाजविण्यासाठीं नव्हे. घरीं कर्ज होतें. बायजाबाई शिंदे मथुरेस यज्ञ करणार होत्या. तेथें दक्षिणा मिळाली तर संसाराची तोंडमिळवणी होईल, एवढाच हिशेब. मिळविलेलें बहुतेक द्रव्य लुटींत गेलें आणि घरीं पोहोंचली ती गंगोदकाची कावड. ह्या कथनाचा मोठा गुण असा कीं, लेखक आपलें भय लपवीत नाहीं. जवळचा पैसा कसा वांचवावा, कोणाची सोबत धरावी, रात्र कोठें काढावी, ह्या विवंचनेतून त्याची भाषा जिवंत झाली आहे.

त्याच्या शेजारीं फिलिप मेडोज टेलर ह्यांची, ठगाचा कबुलीजबाब सांगणारी, १८३९ सालची इंग्रजी कादंबरी ठेवून पाहावी. तींत ठग बोलतो आणि वाटसरू मुकाट्यानें मरतो. वाङ्मयाला लुटारूचें आकर्षण फार. लुटल्या जाणाऱ्याची कहाणी मात्र बहुधा दुसराच कोणी सांगतो. तरी त्या कादंबरीतली एक गोष्ट विसरण्याजोगी नाहीं: ठग तरवार उपसून येत नसे, तो सोबती होऊन येई. आजच्या चालकाला फसविणाराही पुष्कळदां असाच येतो. चाकांत बिघाड आहे अशी खूण करून तो गाडी थांबवितो, पुढच्या गांवापर्यंत बसवून घ्या म्हणून विनवितो, किंवा ढाब्यावर सलगी करून चहांतून गुंगीचें औषध पाजतो.

ह्यावर चालकांस जो उपदेश केला जातो, तो खोटा नाहीं. दारें आंतून लावून झोंपावें; माल कोणता व मुक्काम कोठें, हें अनोळख्यास सांगूं नये; दिव्याच्या उजेडांत, चार गाड्यांच्या संगतीनें थांबावें; मालासाठीं जीव धोक्यांत घालूं नये; प्रसंग पडल्यास ११२ किंवा महामार्गाचा १०३३ हा क्रमांक फिरवावा. पूर्वी हुंडीनें जें साधत असे, तें आतां दूरध्वनीवरून पैसे पाठविण्यानें साधतें. २०२१ च्या फेब्रुवारीपासून पथकर फास्टॅगनें देणें सक्तीचें झाल्यावर तर गाडींत रोकड बाळगण्याचें कारण आणखी कमी झालें. तरी टाकींतलें डिझेल आणि ताडपत्रीखालचा माल हीं राहतातच. चालक झोंपेंत असतां तीं चोरणें चोरास अवघड नसतें.

आमचा आक्षेप ह्या उपदेशाच्या अपुरेपणावर आहे. त्यांतलें प्रत्येक कलम अखेर एकाच प्रश्नापाशीं येऊन थांबतें: थांबावें कोठें? डोळ्यांवर झांपड आली असतां उजेडाची व सोबतीची जागा पुढें वीस कोसांवर असेल, तर शहाणपण काय कामाचें? १९६१ सालच्या मोटार वाहतूक कामगार कायद्यानें दिवसाला आठ तासांची मर्यादा घातली आणि सलग पांच तासांच्या कामानंतर निदान अर्धा तास विश्रांति सांगितली. वेळ दिला, जागा दाखविली नाहीं. १८६० च्या दंडसंहितेनें सूर्यास्तापासून सूर्योदयापर्यंत महामार्गावर केलेल्या लुटीस एरवींच्या दहा वर्षांऐवजीं चौदा वर्षांपर्यंत शिक्षा ठरविली, आणि १ जुलै २०२४ पासून अमलांत आलेल्या भारतीय न्याय संहितेंतही ती कायम आहे. रात्रीची वाट निराळी असते, हें कायद्यासही ठाऊक आहे. पण शिक्षा ही लूट झाल्यानंतरची गोष्ट.

गोडसे भटजींच्या पुस्तकाचें मर्म आम्हांस येथेंच दिसतें. ते आडरानांतच लुटले गेले असें नाहीं. तटबंदीच्या झाशींत, घराच्या आंत असतांना, विजयी फौजेच्या शिपायांनीं त्यांस नागविलें. त्यांच्या सावधगिरींत उणें नव्हतें. भोंवतालची व्यवस्था मोडली होती. व्यवस्था मोडली म्हणजे सावध माणूसही एकटा पडतो. उलट, अहिल्याबाई होळकरांनीं यात्रेच्या वाटांवर विहिरी व धर्मशाळा बांधल्या, तेव्हां वाटसरूस उपदेश करण्याआधीं त्याच्या रात्रीची सोय पाहिली. पनवेल-इंदापूर रस्त्याचें रुंदीकरण २०११ सालीं सुरू झालें आणि दशकाहून अधिक काळ रखडलें. त्या काळांत खड्डे व विलंब ह्यांवर पुष्कळ शाई खर्ची पडली, ती योग्यच. पण चालकानें निर्धास्त डोळा कोठें मिटावा, हा प्रश्न त्या गदारोळांत क्वचितच ऐकूं आला.

आपल्या घरांतलें धान्य, मुलांचीं पुस्तकें, आजाऱ्याचें औषध हीं ज्याच्या जागरणानें आपल्या दारीं येतात, त्याच्या झोंपेची काळजी ही भूतदया नव्हे, तें आपलें देणें आहे. गोडसे भटजी घरीं परतले आणि पुष्कळ वर्षांनीं लिहिते झाले, म्हणून त्यांचें भय आपल्याला कळलें. गडबवरून जाणाऱ्या एखाद्या चालकानेंही आपल्या रात्रींची हकीकत स्वतःच्या हातानें लिहावी. त्यासाठीं आधीं त्यानें सुखरूप घरीं पोहोंचलें पाहिजे.