स्मृतिक्रम आणि पूर्वकालवाचक रूप

'अमुक करून तमुक केले' या वाक्यातील 'करून' हे रूप दोन क्रियांचा क्रम सांगते, हे सर्वविदित आहे. संस्कृतातील तत्सदृश रूपास पाणिनीने घातलेली अट मात्र पुष्कळदा विस्मरणात जाते. ती अट अशी की, दोन्ही क्रियांचा कर्ता एकच असला पाहिजे. मराठीतही कर्ता बदलला की आपण बहुधा 'केल्यावर' या रूपाकडे वळतो. लिनक्स या कार्यप्रणालीतील साठवण-यंत्रांच्या ड्रायव्हरचे परीक्षण ज्या भाषेत होते, ती भाषा या अटीच्या कसोटीवर पाहावी, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

एनव्हीएमई या मानकाची पहिली आवृत्ती २०११ साली निघाली. तदनुसार प्रोसेसर ६४ बाइटांची आज्ञा स्मृतीतील रांगेत ठेवतो आणि मग यंत्राच्या 'डोअरबेल' नामक नोंदस्थानी रांगेचे नवे टोक लिहितो. यंत्र काम उरकून १६ बाइटांची पूर्तिनोंद स्मृतीत लिहिते. ही नोंद नवी की जुनी, हे तिच्यातील एका 'फेज' बिटावरून ओळखावयाचे. आज्ञावलीत हे सरळ दिसते: बिट पाहावा, नवा असल्यास उरलेली नोंद वाचावी. म्हणजे 'पाहून वाचली'.

वस्तुतः येथेच घोटाळा आहे. अटीचा निकाल लागण्यापूर्वीच, तो अनुकूल लागेल असे गृहीत धरून, प्रोसेसर पुढची नोंद आगाऊ वाचून ठेवू शकतो. तो एकटाच कर्ता असता तर हे कधी कोणास कळलेही नसते. वाचलेले मूल्य मध्यंतरी बदलतेच ना! परंतु त्याच क्षणी यंत्र ती नोंद लिहीत असेल तर बिट नवा आणि मजकूर जुना, असा विपरीत संयोग संभवतो. इंटेल-पद्धतीच्या प्रोसेसरांवर दोन वाचनांचा क्रम पाळला जात असल्याने हा दोष तेथे सहसा प्रकट होत नाही. आर्म-पद्धतीच्या प्रोसेसरांवर तशी हमी नाही. म्हणून २०२० साली लिनक्सच्या ड्रायव्हरमध्ये या दोन वाचनांच्या मध्ये 'डीएमए-आरएमबी' हा वाचन-बॅरियर घालण्यात आला. चाचणी यशस्वी झाली, हा पुरावा अशा ठिकाणी किती तोकडा असतो, हे यावरून ध्यानात यावे.

त्या बॅरियरसोबतची टीप संक्षिप्त आणि बिनचूक आहे. दोन वाचनांत केवळ अटीचे अवलंबन आहे, ते क्रमास पुरेसे नाही, एवढे ती सांगते. तथापि माझी तक्रार अशी की, तिच्यात दुसऱ्या कर्त्याचा उल्लेखच नाही. लिनक्समधील बॅरियरविषयक मार्गदर्शक टिपण हॉवेल्स, मॅकेनी, डीकन व झायल्स्ट्रा यांच्या नावे आहे. प्रोसेसरा-प्रोसेसरांतील व्यवहारात ठराविक प्रकारच्या बॅरियरांना नेहमी जोडीदार हवा, असे त्यात बजावले आहे. येथे तो जोडीदार लिनक्सच्या आज्ञावलीत सापडणारच नाही. तो यंत्राच्या पोटात आहे आणि त्याचे वचन मानकाच्या पानांत. परीक्षकाने ते पान उघडले नाही, तर त्याने अर्धेच वाक्य वाचले असे म्हणावे लागेल.

'बॅरियर' हा शब्दही मला फारसा पसंत नाही. त्याने आडवे पडून काही थोपविल्याचा, किंवा लिहिलेले तत्काळ पलीकडे पोचविल्याचा भास होतो. प्रत्यक्षात तो केवळ सापेक्ष क्रम लावतो. केव्हा पोचेल हे सांगत नाही. आमच्या अलोऱ्यात हा भेद समजावण्यास फार शब्द लागत नाहीत. पोफळीच्या वीजगृहातून पाणी सोडले, आणि ते कोळकेवाडीच्या जलाशयात येऊन कोयनेच्या तिसऱ्या टप्प्यास मिळाले, ही दोन वाक्ये कोणीही एक मानीत नाही.

डोअरबेलची बाजू याहून अवघड आहे, कारण तेथे क्रम शब्दाच्या पोटात दडलेला आहे. 'राइटएल' या क्रियेतच आधीची स्मृतिलेखने यंत्रास अगोदर दिसतील अशी हमी अंतर्भूत आहे. 'राइटएल-रिलॅक्स्ड' मध्ये ती नाही. वेगासाठी कोणी पहिल्याच्या जागी दुसरे रूप योजले, तर परीक्षकापुढे एका शब्दाचा फरक येतो आणि यंत्रापुढे कदाचित अर्धवट लिहिलेली आज्ञा.

२०१८ साली लिनक्सच्या स्मृतिक्रमाचे औपचारिक प्रतिमान आज्ञावलीत दाखल झाले. अल्ग्लाव्ह, मरांजे, मॅकेनी, पार्री व स्टर्न यांचे हे काम निःसंशय मोलाचे आहे. परंतु यंत्राशी होणारा व्यवहार, म्हणजे डीएमए व नोंदस्थानांचे लेखन-वाचन, त्या प्रतिमानाच्या कक्षेबाहेर ठेवलेला आहे. तेव्हा साठवण-ड्रायव्हरपुरता तरी हा भार परीक्षकाच्या वाचनावर आणि टिपेच्या भाषेवरच पडतो. त्या टिपेत निदान चार गोष्टी असाव्यात: कोण लिहितो, कोण वाचतो, कोणते लेखन आधीचे, आणि जोडीचा क्रम कोणत्या कलमात दिला आहे. वरील टीप अशी लिहिता आली असती: 'यंत्राने मजकूर व बिट मानकातील क्रमाने लिहिल्यावर, प्रोसेसरने बिट आधी व मजकूर नंतर वाचावा.' ही मूळ टिपेपेक्षा लांब आहे खरी. पण तिच्यात 'लिहिल्यावर' आहे, 'लिहून' नाही.