आकडे उगाच येत नाहीत

‘अ एक काम 12 दिवसांत पूर्ण करतो, ब तेच काम 18 दिवसांत. दोघांनी मिळून काम सुरू केले. पण काम पूर्ण होण्याच्या 3 दिवस आधी अ काम सोडून गेला. तर काम एकूण किती दिवसांत पूर्ण झाले?’ खाली पाच पर्याय: 6, 7⅕, 9, 10⅕ आणि 13½.

पोलीस भरती असो, रेल्वे असो की बँक, स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या प्रत्येकाच्या वहीत या जातीचे गणित सापडतेच. मला ते मनापासून आवडते. बंदिशीचे रसग्रहण होते, कवितेचे होते; या तीन-चार ओळींचेही व्हायला हवे, कारण त्याही कुणीतरी विचारपूर्वक रचलेल्या आहेत. चांगल्या गणितातला एकही आकडा उगाच आलेला नसतो. त्यामागची निवड ओळखता येऊ लागणे, हाच मला अंकगणिताच्या तयारीचा गाभा वाटतो.

आधी 12 आणि 18 पाहा. त्यांचा लसावि 36. काम 36 भागांचे धरले की अ रोज 3 भाग उरकतो, ब 2, दोघे मिळून 5. अपूर्णांक कुठे उरलाच नाही. रचणाऱ्याने 12 आणि 17 घेतले असते तरी कल्पना तीच राहिली असती. पण लसावि 204 झाला असता आणि आकडेमोडीत ती कल्पना हरवून गेली असती. आता ते 3 दिवस पाहा. शेवटचे 3 दिवस ब एकटाच होता, म्हणजे त्याने 6 भाग केले. उरले 30, आणि 30 ला 5 ने नि:शेष भाग जातो: 6 दिवस. सहा आणि तीन नऊ. अ 2 दिवस आधी गेला असता तर 32 भाग उरले असते, 4 दिवस आधी गेला असता तर 28. दोन्हींना 5 ने नि:शेष भाग जात नाही. म्हणून अ बरोबर तीनच दिवस आधी जातो.

गणिताची खरी कळ मात्र त्या अटीत आहे. अ किती दिवस कामावर होता हे प्रश्नात सांगितलेलेच नाही. सांगितले आहे ते शेवटून मोजून. आपण वाचतो सुरुवातीकडून, आणि हिशेब मांडायचा आहे शेवटाकडून. घाईत वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे ‘3 दिवसांनी अ निघून गेला’ असे चित्र उभे राहते. मग तो म्हणतो, तीन दिवसांत 15 भाग झाले, राहिले 21, एकट्या ब ला त्यासाठी साडेदहा दिवस, एकूण साडेतेरा. आणि 13½ खाली पर्यायात त्याची वाट पाहत असतेच! इतर पर्यायही असेच वाचता येतात. दोघे एकत्र किती दिवस होते एवढेच काढून जो थांबला, त्याच्यासाठी 6. अ गेल्याचेच जो विसरला, त्याच्यासाठी 7⅕. तेच उत्तर काढून ‘तीन दिवस तर लांबले’ म्हणत ज्याने वर 3 मिळवले, त्याच्यासाठी 10⅕. चार चुकीची उत्तरे म्हणजे चार वाचकांच्या चार चुका. रचणाऱ्याला त्या आधीच माहीत आहेत. परीक्षार्थीच्या मनात काय चालेल याचा इतका बारीक अंदाज ज्याला असतो, तो प्रश्न कळून रचतो, असे मी म्हणेन.

या गणिताला आणखी एक वाट आहे, आणि ती मला अधिक देखणी वाटते. अ ला जाऊच द्यायचे नाही. तो शेवटपर्यंत थांबला असे समजायचे. मग त्या 3 दिवसांत त्याने आणखी 9 भाग केले असते, म्हणजे एकूण काम 36 ऐवजी 45 भागांचे झाले असते. दोघांचा रोजचा वेग 5. पंचेचाळीस भागिले पाच, नऊ. संपले. पहिल्या रीतीत काम दोन टप्प्यांत तोडावे लागते. दुसरीत ते सलग राहते. ज्याला ही दुसरी वाट आपली आपण सापडली, त्याला काळ-काम-वेगाचे प्रकरण पुन्हा परके वाटत नाही.

क्लासमध्ये मात्र अनेकदा याच्या उलट घडते. पहिल्याच दिवशी फळ्यावर ‘गुणाकार भागिले बेरीज’ ही शॉर्ट ट्रिक पडते: दोघांच्या दिवसांचा गुणाकार, त्याला दोघांच्या दिवसांच्या बेरजेने भाग. ट्रिक खरीच आहे. 12 गुणिले 18 म्हणजे 216, भागिले 30, उत्तर 7⅕. पण याच गणितात ती नेमके चुकीचे उत्तर हातात ठेवते, आणि ते उत्तर पर्यायांत असल्यामुळे विद्यार्थ्याला शंकाही येत नाही. तिसरा कामगार क आला, किंवा टाकी भरणाऱ्या दोन नळांच्या जोडीला रिकामी करणारा एक नळ आला, की ट्रिकची नवी आवृत्ती पाठ करावी लागते. पुण्याच्या सदाशिव पेठेतल्या, नवी पेठेतल्या अभ्यासिकांमध्ये वर्षानुवर्षे बसणाऱ्या मुलामुलींच्या कष्टांबद्दल मला अतोनात आदर आहे. म्हणूनच या ट्रिकांच्या पाठांतरात त्यांचा वेळ जाताना पाहून वाईट वाटते.

चक्रवाढ व्याजाचे उदाहरण घ्या. 8000 रुपयांवर दसादशे 10 दराने 2 वर्षांच्या सरळव्याजात आणि चक्रवाढ व्याजात फरक किती? यासाठी एक सूत्र आहे, आणि ते लाखो वह्यांत चौकट करून लिहिलेले आहे. पण फरक येतो कुठून? पहिल्या वर्षाचे व्याज दोन्हीकडे सारखेच, 800. दुसऱ्या वर्षी चक्रवाढीत त्या 800 वरही व्याज बसते. फरक तेवढाच: 800 चे 10 टक्के, 80 रुपये. व्याजावरचे व्याज. हे एकदा दिसले की सूत्र विसरले तरी चालते.

आगगाडीचे गणितही असेच. एक गाडी खांब 12 सेकंदांत ओलांडते आणि 180 मीटरचा फलाट 21 सेकंदांत. गाडीची लांबी किती? खांब ओलांडताना गाडी फक्त स्वतःची लांबी कापते. फलाट ओलांडताना स्वतःची लांबी आणि शिवाय फलाट. म्हणजे जास्तीचे 9 सेकंद फलाटाच्या 180 मीटरांचे झाले. वेग सेकंदाला 20 मीटर, गाडीची लांबी 240 मीटर. क्ष धरला नाही, समीकरण मांडले नाही. दोन प्रसंगांची नुसती वजाबाकी केली आणि गाडी आपोआप गळून पडली, फलाट तेवढा उरला. अशा जागी दाद द्यावीशी वाटते.

संख्यामालिकेत तर नजरेचीच परीक्षा असते. 7, 8, 18, 57, ?, 1165. मालिका सुरू होते हळू आणि मग झेपावते, म्हणजे बेरजेने हे होणार नाही, गुणाकार आहे. 8 वरून 18 म्हणजे दुप्पट आणि थोडे वर. 18 वरून 57 म्हणजे तिप्पट आणि थोडे वर. आता रिकाम्या जागेवरून पलीकडे नजर टाकायची: 1165 हे 57 च्या विसेक पट. वीस म्हणजे चार पंचे वीस! एका पावलात चौपट, पुढच्यात पाचपट. वरचे ‘थोडे’ही मग लगेच कळते: एकने गुणून 1, दोनने गुणून 2, तीनने गुणून 3 मिळवले आहेत. 57 चौक 228, त्यात 4, उत्तर 232. पडताळा: 232 ची पाचपट 1160, अधिक 5. मधली संख्या माहीत नसताना दोन्ही काठांवरून तिचा अंदाज घेणे, यात मला विलक्षण आनंद मिळतो.

वेळेचा प्रश्न आहेच. आयबीपीएसच्या लिपिक पदाच्या पूर्वपरीक्षेत अंकगणिताचे 35 प्रश्न आणि 20 मिनिटे. एका प्रश्नाला जेमतेम 34 सेकंद. कॅल्क्युलेटर नाही. इथे पाढे आणि अपूर्णांकच हात देतात. साडेसदतीस टक्के म्हणजे तीन अष्टमांश हे ओठांवर असेल तर 640 चे साडेसदतीस टक्के 240 हे बोलता बोलता येते. आपल्या शाळांत एकेकाळी पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी घोकून घेत. औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा. आज 350 चे 18 टक्के काढताना साडेतीन अठरा त्रेसष्ट असे ज्याच्या तोंडून निघते, त्याला कागदाला पेन लावावे लागत नाही. हे पाढे नव्याने पाठ करण्यात दिवस घालवा असे मी सांगणार नाही. 30 पर्यंतचे पाढे, 30 पर्यंतचे वर्ग आणि विसाव्या भागापर्यंतची शेकडेवारी एवढे पक्के असले तरी पुरते.

गुणदानाच्या नियमातही एक छोटी सुंदर रचना आहे. पर्याय पाच, चुकीच्या उत्तराला पाव गुण वजा. डोळे मिटून पाच उत्तरे ठोकली तर सरासरीने एक बरोबर येणार, चार चुकणार. मिळणार 1, जाणार चार पाव, म्हणजे 1. हाती शून्य. पण प्रत्येक प्रश्नात एकेक पर्याय खात्रीने खोडता आला तर हिशेब किंचित आपल्या बाजूने झुकतो. मघाच्या गणितात 6 आणि 7⅕ पहिल्या नजरेत खोडता येतात: दोघे शेवटपर्यंत राबले असते तरी 7⅕ दिवस लागले असते, मग एक जण निघून गेल्यावर त्याहून जास्तच लागणार. हे वाचनच आहे, आकडेमोड नव्हे.

या साऱ्याचा वारसा आपल्या मातीत जुना आहे. भास्कराचार्यांनी 1150 मध्ये सिद्धान्तशिरोमणी रचला. लीलावती हा त्यातला अंकगणिताचा भाग. चाळीसगावजवळच्या पाटण येथील शिलालेखात, त्यांचे नातू चांगदेव यांनी भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्यापनासाठी मठ स्थापल्याची नोंद आहे. लीलावतीत भुंग्यांचे एक प्रसिद्ध उदाहरण येते. थव्याचा पाचवा भाग कदंबावर गेला, तिसरा भाग शिलींध्रावर, या दोहोंतल्या फरकाची तिप्पट कुड्यावर, आणि एक भुंगा केतकी आणि मालतीच्या गंधाने भुलून हवेतच घुटमळत राहिला. भुंगे किती? पाच आणि तीन हे छेद पाहताच कळते की थवा 15 च्या पटीत हवा. 15 घेऊन पाहा: 3, 5, आणि फरक 2 ची तिप्पट 6. झाले 14. उरला एक. आजच्या परीक्षेत भुंग्यांच्या जागी कार्यालयातले कर्मचारी येतात, फुलांच्या जागी विभाग येतात, पण छेद पाहून उत्तराचा माग काढण्याची नजर तीच लागते. भास्कराचार्यांनी गणितासोबत एक दृश्यही दिले. आजच्या अ आणि ब ला नावेसुद्धा नसतात. तेवढे मला उणे वाटते.

आणि सगळीच गणिते रसग्रहणाच्या लायकीची नसतात. कल्पना काहीच नाही, नुसते 23 आणि 37 असे अंगावर येणारे आकडे घालून अवघड केलेले गणित मला कच्चे वाटते. परिच्छेदभर मजकूर देऊन त्यातून सहा साध्या बेरजा करवून घेणारे प्रश्नही तसेच; त्यांत चिकाटीची परीक्षा होते, समजेची नाही. तक्ते आणि वर्तुळालेख मात्र, नीट रचलेले असले तर, वेगळे आहेत. तिथे किती आकडे वापरायचे नाहीत हे कळावे लागते. एक टक्का म्हणजे 3.6 अंश एवढे हाताशी असले तरी निम्मी आकडेमोड वाचते. परीक्षेत कच्ची गणिते आली की बेलाशक सोडून पुढे जावे; 34 सेकंदांत कुणाला किती मान द्यायचा हे आपल्या हातात असते.

तयारी करणाऱ्यांना माझी एकच विनंती आहे. उत्तर बरोबर आले की लगेच पान उलटू नका. उरलेले पर्याय कुठून आले ते शोधा, एखादा आकडा बदलून गणित कुठे बिघडते ते पाहा, दुसरी वाट आहे का ते तपासा. आणि एकदा तरी असे गणित स्वतः रचा: दोन माणसे घ्या, एकाला अधेमधे जाऊ द्या, उत्तर पूर्णांकात आणा आणि चार चुकीचे पर्याय असे लिहा की शेजारी बसलेला मित्र त्यातला एक तरी निवडेल. एक संध्याकाळ जाईल. सराव प्रश्नपत्रिकेपेक्षा ती जास्त शिकवील.