षड्ज हलतो तेव्हा
गेल्या खेपेला समजावण्याच्या भरात आम्ही बोलून गेलो, की सोनाटा म्हणजे त्यांचा रागच समजा. ते चुकलंच. आज आधी तेवढं दुरुस्त करू.

आपल्याकडे तंबोरा लागला की गाणं संपेपर्यंत षड्ज जागचा हलत नाही. मोझार्टच्या काळच्या सोनाटा-रचनेत नेमकं उलट घडतं. मेजर सप्तकातली रचना बहुधा मूळ षड्ज सोडून पंचमालाच नवा षड्ज करते, मध्ये आणखी भटकते आणि शेवटी घरी परतते. सगळं नाट्य त्या परतण्यात आहे. 'राग' म्हटलं की ते ऐकूच येत नाही.

आता आपल्याकडचंच उदाहरण घ्या. गोव्यातल्या माजोर्ड्याच्या अँथनी गोन्साल्विस यांनी १९५८ मध्ये मुंबईत इंडियन सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा केला. सारंग रागात व्हायोलिनसाठी कॉन्चेर्टोही लिहिला. सारंगला अचल षड्ज हवा, कॉन्चेर्टोची परंपरा तो हलवणारी. या ओढाताणीत एकट्या व्हायोलिनने साऱ्या वाद्यवृंदाशी बोलायचं! याला नुसतं 'फ्युजन' म्हणून मोकळं होणं हा समीक्षेचा आळस आहे, आणि तो आम्हीही केलाय.

१९७७ च्या 'अमर अकबर अँथनी'तल्या गाण्याने, म्हणजे शिष्य प्यारेलाल यांच्यामुळे, हे नाव घरोघरी गेलं. काम मात्र मागेच राहिलं.

तेव्हा कॉन्चेर्टोला कॉन्चेर्टोच म्हणू या. ऐकताना एवढंच विचारू : षड्ज आत्ता कुठे आहे?