शिवणयंत्राचा अपवाद

गांधीजींचे ‘हिंद स्वराज्य’ हे आदराने कपाटात ठेवण्याचे आणि न वाचण्याचे पुस्तक होऊन बसले आहे. वास्तविक ते वाचकाशी भांडण्यासाठीच लिहिलेले आहे. नोव्हेंबर १९०९ मध्ये लंडनहून दक्षिण आफ्रिकेला परतताना ‘किल्डोनन कॅसल’ बोटीवर गांधीजींनी ते गुजरातीत लिहून काढले. उजवा हात दमला तेव्हा डाव्याने लिहिले.

त्यातील यंत्रविरोधाचे मूळ मला मनुष्यस्वभावाविषयीच्या एका मतात दिसते. मनाला जितके मिळते तितके ते अधिक मागते. हातापायांची मर्यादित शक्ती हीच त्याला वेसण. यंत्र ती वेसण काढून टाकते. हे निदान मला खरे वाटते. पण तेवढ्यावरून आगगाडीपासून डॉक्टरांपर्यंत साऱ्यांना एकाच दोषाचे धनी ठरवणे पटत नाही.

पुढे १९२४ साली रामचंद्रन यांच्याशी बोलताना गांधीजींनी सिंगरच्या शिवणयंत्राचा अपवाद केला. बायकोचे कष्ट पाहवेनात म्हणून सिंगरने ते शोधले, त्यामागे प्रेम आहे, असे त्यांचे म्हणणे. मग ती यंत्रे करणाऱ्या कारखान्याचे काय? तो सरकारी मालकीचा असावा, असे त्यांनी उत्तर दिले.

कथा गोड आहे, पण इतिहास तिला साथ देत नाही. सिंगरने १८५१ साली पेटंट घेतले ते धंद्यासाठी. आणि १८४६ चे पेटंट असलेल्या एलियास हौ याच्याशी कोर्टात झगडून अखेर त्याला मोबदला देणे सिंगरला भाग पडले. तरीही त्या यंत्राने घरोघरच्या बायकांची बोटे आणि डोळे वाचवले. कारखान्यांत मात्र त्यानेच बायकांना तासन्‌तास जखडून ठेवले. तेव्हा शोधकाच्या मनात काय होते, ही कसोटी पुरी पडत नाही.

अधिक भक्कम कसोटी गांधीजींच्याच कार्यात सापडते. १९२९ साली अखिल भारत चरखा संघाने सुधारलेल्या चरख्यासाठी १ लाख रुपयांचे बक्षीस लावले. तो झोपडीत चालावा, किंमत १५० रुपयांवर जाऊ नये, आणि बाईमाणसाला ८ तास फारसे न दमता चालवता यावा, अशा अटी होत्या. बक्षीस कोणालाच मिळाले नाही. पण यंत्र कोणाच्या घरी राहते, कोणाला परवडते आणि कोणाला दमवते, हे तीन प्रश्न त्या अटींनी आपल्याला दिले. तत्त्वज्ञानाच्या जाड ग्रंथांपेक्षा मला ते मोलाचे वाटतात.

यंदा दिवाळीत घरी येणाऱ्या नव्या वस्तूला ते जरूर विचारावेत. मोबाईल पहिल्या दोन प्रश्नांत बहुधा उत्तीर्ण होईल. तिसऱ्याचे उत्तर घरातल्या मुलांच्या डोळ्यांकडे पाहून द्यावे.