कालकथितांचे स्मरण : आपल्या मृत्युलेखांविषयी काही आक्षेप

गेल्या काही वर्षांत आंबेडकरी विचारविश्वातील अनेक ज्येष्ठ माणसे आपल्यातून गेली. त्यांपैकी पाच नावे आम्ही येथे विचारार्थ घेत आहोत. डॉ. एलिनॉर झेलियट (५ जून २०१६), डॉ. गंगाधर पानतावणे (२७ मार्च २०१८), राजा ढाले (१६ जुलै २०१९), डॉ. गेल ऑम्व्हेट (२५ ऑगस्ट २०२१) आणि प्रा. कुमुद पावडे (३१ मे २०२३). यांच्या निधनानंतर दैनिकांत, साप्ताहिकांत आणि आपल्या चळवळीच्या नियतकालिकांत जे मृत्युलेख आले, त्यांतील हाती लागले तेवढे आम्ही नुकतेच एकत्र वाचले. सुटे वाचताना जे जाणवत नाही ते एकत्र वाचताना जाणवते. नावे बदलली तरी लेख तोच राहतो. प्रारंभी पोकळी निर्माण होते, मध्ये एखादी गाजलेली घटना येते, नंतर पुरस्कारांची यादी आणि अखेरीस आत्म्यास शांती.

या शेवटच्या शब्दांपासूनच आरंभ करणे उचित होईल. ज्या धम्माने अनात्मवाद सांगितला, ज्या धम्मदीक्षेत २२ प्रतिज्ञा घेतल्या गेल्या, त्या धम्माच्या अनुयायाच्या आत्म्यास शांती चिंतणे हा केवळ भाषेचा प्रमाद नव्हे. 'स्वर्गवासी' आणि 'कैलासवासी' हे शब्द आपण कटाक्षाने टाळतो, हे समाधानाचे आहे. त्यांच्या जागी आपण 'कालकथित' हा शब्द रूढ केला. पालीतील 'कालकत' या शब्दाशी त्याचे नाते उघड आहे. ('कथित' हे रूप व्याकरणाच्या कसोटीवर शंकास्पद ठरेल, परंतु लोकांनी ते आपलेसे केले आहे आणि लोकांच्या शब्दापुढे व्याकरणाने थोडे नमते घ्यावे.) याच्या उलट, कोणाही पुढाऱ्याच्या मृत्यूस 'महापरिनिर्वाण' म्हणण्याची जी प्रथा हळूहळू शिरते आहे, ती मात्र आम्हांस चिंताजनक वाटते. शब्द मोठा वापरला की माणूस मोठा होतो, हा भ्रम आहे. आणि या भ्रमाचा विस्तार म्हणजेच आपले बहुतेक मृत्युलेख होत.

मृत्युलेख कसा असावा याचा वस्तुपाठ बौद्ध वाङ्मयात आहे, याकडे आपले फारसे लक्ष गेलेले नाही. संयुत्तनिकायातील चुन्दसुत्तात सारिपुत्ताच्या मृत्यूची वार्ता येते. नालकगामात सारिपुत्त कालवश होतो. श्रामणेर चुन्द त्याचे पात्र व चीवर घेऊन सावत्थीला येतो आणि आनंद ही वार्ता तथागतांच्या कानी घालतो. आनंद शोकाकुल आहे. त्याला दिशा सुचत नाहीत. त्या वेळी तथागत त्यास विचारतात की, सारिपुत्त जाताना शीलस्कंध घेऊन गेला काय? समाधिस्कंध, प्रज्ञास्कंध घेऊन गेला काय? आनंद नाही म्हणतो. पण तेवढ्यावर थांबत नाही. सारिपुत्त आपल्या सहचाऱ्यांसाठी काय करीत असे ते तो सांगतो. तो उपदेश करी, शिकवी, उत्साह देई आणि धम्म सांगताना कधी थकत नसे. आमच्या मते आनंदाचे हे उत्तर म्हणजे आदर्श मृत्युलेख होय. त्यात दुःख लपविलेले नाही. मात्र दुःखाने कामाची जागा घेतलेली नाही. गेलेल्या माणसाने मागे काय ठेवले आणि ते कोणासाठी ठेवले, एवढेच त्यात आहे.

या कसोटीवर आपले लेखन घासून पाहू.

राजा ढाले यांच्यावरील लेख पाहावेत. त्यांतील बहुसंख्य लेख १९७२ साली थांबतात. 'साधना'च्या १५ ऑगस्ट १९७२ च्या अंकातील 'काळा स्वातंत्र्यदिन' हा लेख, त्यावरून उठलेले वादळ, दलित पँथरची स्थापना आणि नामदेव ढसाळ यांच्याशी झालेला मतभेद, एवढ्यात त्यांचे चरित्र आटोपते. त्या लेखाचे महत्त्व आम्ही कमी लेखीत नाही. स्वातंत्र्याच्या रौप्यमहोत्सवात दलित स्त्रीच्या अब्रूची किंमत विचारणारा तो प्रश्न विचारण्यास छाती लागत होती. परंतु ढाले त्यानंतर ४७ वर्षे जगले! १९७७ साली पँथर विसर्जित झाल्याचे त्यांनी आणि ज. वि. पवार यांनी जाहीर केले, त्यानंतरची चार दशके हा माणूस काय करीत होता? तो वाचीत होता, लिहीत होता, 'धम्मलिपी' काढीत होता, बुद्धविचाराची एकेक संज्ञा घासून पुसून पाहत होता. ढसाळांशी त्यांचा जो वाद झाला तो दोन तरुणांच्या अहंकाराचा झगडा म्हणून रंगविला जातो. वस्तुतः मार्क्स की बुद्ध हा त्या वादाचा गाभा होता, आणि काठमांडूच्या १९५६ च्या भाषणात बाबासाहेबांनी जो प्रश्न हाती घेतला होता त्याचीच ती पुढची पायरी होती. त्या वादात ढाल्यांचे सारेच म्हणणे आम्हांस पटते असे नाही. प्रतिपक्षावर शिक्का मारण्याची घाई त्यांच्याकडूनही झाली. पण वाद कशाविषयी होता हे न सांगता केवळ वाद झाला एवढेच सांगणे म्हणजे विचारवंताला भांडखोर ठरविणे आहे. वृत्तपत्रांना बंडखोर तरुण हवा असतो. पुस्तकांच्या गराड्यात बसलेला वृद्ध बौद्ध त्यांच्या उपयोगाचा नसतो. आपल्या नियतकालिकांनीही तोच तरुण पुन्हा छापावा, याचे मात्र आश्चर्य वाटते.

कुमुद पावडे यांच्या बाबतीत असेच घडले. 'संस्कृत विदुषी' ही दोन शब्दांची शाल त्यांच्या खांद्यावर टाकून सर्वांनी हात जोडले. 'अंतःस्फोट' (१९८१) या पुस्तकाचा उल्लेख सर्वत्र आहे. ते उघडून पाहिल्याची खूण मात्र क्वचितच दिसते. त्या पुस्तकातील आपल्या संस्कृतची हकिकत सांगताना कुमुदताईंनी स्वतःच्या गौरवाचीच चिरफाड केली आहे. गोखले गुरुजींनी त्यांना आस्थेने शिकविले, हे त्या कृतज्ञतेने सांगतात. पुढे विद्यापीठात मिळालेली वागणूकही त्या तितक्याच स्पष्टपणे सांगतात. एम.ए. होऊनही कुमुद सोमकुवर या नावाला नोकरी मिळाली नाही. आंतरजातीय विवाहानंतर पावडे हे आडनाव लागले आणि दार उघडले. म्हणजे ज्या यशाबद्दल समाज आपले कौतुक करतो ते यश आपल्या विद्वत्तेचे की नवऱ्याच्या आडनावाचे, हा प्रश्न त्यांनी स्वतःच जाहीरपणे विचारून ठेवला होता. मृत्युलेखांनी तोच गौरव, त्या प्रश्नासह परत न करता, प्रश्न वगळून परत केला. लेखिकेने आयुष्यभर नाकारलेली भूमिका तिच्यावर मृत्यूनंतर लादली जावी, हा अन्याय लहान नाही.

गेल ऑम्व्हेट यांच्यावर विपुल लिहिले गेले. अमेरिकेतील मिनियापोलिस येथे १९४१ साली जन्मलेली मुलगी भारतात येते, भारत पाटणकर यांच्याशी विवाह करते, १९८३ साली भारतीय नागरिकत्व घेते आणि सांगली जिल्ह्यातील कासेगावात शेवटपर्यंत राहते, ही कथा कोणासही भुरळ घालील अशीच आहे. म्हणूनच ती पुरती घात करते. बहुतेक लेखांत त्या 'परदेशी असूनही' अशा शब्दांनी येतात आणि 'कासेगावची सून' म्हणून जातात. बर्कले विद्यापीठास १९७३ साली सादर केलेला त्यांचा प्रबंध १९७६ साली ग्रंथरूपाने आला. १८७३ ते १९३० या काळातील ब्राह्मणेतर चळवळीस त्यांनी 'सांस्कृतिक बंड' म्हटले. सत्यशोधक समाजाकडे नोकऱ्यांसाठी भांडणाऱ्या जातींचा मेळावा म्हणून पाहणाऱ्या विद्वानांना हे सरळ उत्तर होते. फुले आणि आंबेडकर यांना एका सूत्रात वाचण्याची जी सवय आज आपल्याला स्वाभाविक वाटते, ती घडविण्यात या ग्रंथाचा वाटा मोठा आहे. किती मृत्युलेखांनी हे सांगितले?

आमच्या वाचकांच्या दृष्टीने त्यांचा 'बुद्धिझम इन इंडिया' (२००३) हा ग्रंथ विशेष महत्त्वाचा. बाबासाहेबांच्या नवयानापासून आरंभ करून त्या मागे बुद्धकाळापर्यंत जातात आणि तेथून पुन्हा अयोथी दास यांच्या तामिळ बौद्ध चळवळीपर्यंत व बाबासाहेबांपर्यंत येतात. बौद्ध धम्माचा इतिहास हा जातिविरोधाचा इतिहास म्हणून त्यांनी मांडला. त्या मांडणीस आमचे आक्षेप आहेत. पाली साधनांपेक्षा दुय्यम अभ्यासांवर त्या अधिक विसंबतात, आणि भक्तिपरंपरेत त्यांना जेवढा बुद्ध दिसतो तेवढा आम्हांस दिसत नाही. पण या आक्षेपांची चर्चा करणे हाच त्यांचा सन्मान होता. त्याचप्रमाणे शेतकरी संघटनेस त्यांनी दिलेला पाठिंबा, उदारीकरणाविषयीची त्यांची अनुकूल भूमिका आणि १९९९ साली नर्मदा धरणाच्या प्रश्नावर अरुंधती रॉय यांना लिहिलेले खुले पत्र, या गोष्टी अनेकांनी सोयीस्करपणे गाळल्या. डाव्या मित्रांनी त्या वेळी त्यांच्यावर टीका केली होती, आणि मृत्यूनंतर त्याच मित्रांनी हळूच चादर ओढली. गेलताईंना ही चादर आवडली नसती, असे त्यांचे लेखन वाचणारा कोणीही सांगेल.

झेलियट यांच्याविषयी मराठीत तुलनेने थोडे लिहिले गेले. 'डॉ. आंबेडकर आणि महार चळवळ' या विषयावरील त्यांचा प्रबंध १९६९ सालचा; तो ग्रंथरूपाने यावयास २००४ साल उजाडले. मधल्या ३५ वर्षांत तो प्रबंध छायाप्रतींच्या रूपाने हातोहात फिरत राहिला. बाबासाहेबांचे अनेक सहकारी हयात असताना त्यांनी ते काम केले, यामुळे त्याचे साधनमूल्य आजही टिकून आहे. मात्र शीर्षकातील 'महार चळवळ' हा शब्दप्रयोग आम्हांस पूर्वीपासून खटकतो. त्याने चळवळीचे सामाजिक वास्तव नेमके दिसते हे खरे. पण १९३६ नंतर बाबासाहेबांनी ज्या व्यापक समाजाकडे बोट दाखविले तो समाज त्या शब्दात मावत नाही. झेलियट यांचा पुढील ग्रंथ 'फ्रॉम अनटचेबल टू दलित' (१९९२) हा या मर्यादेबाहेर पडण्याचा त्यांचा प्रयत्न होता असे आम्हांस वाटते. वसंत मून यांच्या 'वस्ती'चे इंग्रजी भाषांतर ऑम्व्हेट यांनी केले आणि त्यास प्रस्तावना झेलियट यांनी लिहिली. नागपूरच्या एका वस्तीच्या आत्मकथेसाठी या दोघी एकत्र आल्या, हा प्रसंग दोघींवरील लेखांत येणे सहज शक्य होते. आम्हांस तो फारसा कोठे आढळला नाही.

पानतावणे सरांविषयी थोडक्यात लिहितो, कारण मुद्दा एकच आहे. २०१८ च्या जानेवारीत पद्मश्री जाहीर झाली आणि मार्चमध्ये ते गेले. त्यामुळे मृत्युलेखांचे मथळे 'पद्मश्री'ने सजले. पाच दशके 'अस्मितादर्श' चालविणाऱ्या संपादकाचे खरे काम नवोदितांच्या हस्तलिखितांवर झालेल्या संस्कारांत असते. त्यांच्याकडून अभिप्रायाचे पत्र आलेला एकेक लेखक शोधून त्यास बोलते करणे, हा त्यांच्यावरील लेख होता. तो लिहिण्यास श्रम पडले असते.

निधनाच्या दुसऱ्या दिवशी चिकित्सा करणे असभ्य आहे, असा आक्षेप यावर येईल. तो आम्ही गंभीरपणे घेतो. घरात शोक असताना पत्नी-मुलांच्या पुढे हिशेब मांडू नये, हे आम्हांस मान्य आहे. पण मृत्युलेख हा सांत्वनाचे पत्र नव्हे. आणि स्मरणातही विवेक सोडू नये याचा दाखला स्वतः बाबासाहेबांनी घालून दिला आहे. १८ जानेवारी १९४३ रोजी पुण्याच्या गोखले स्मारक सभागृहात न्या. रानडे यांच्या १०१ व्या जयंतीस ते बोलावयास उभे राहिले, तेव्हा स्तुतीची सोपी वाट त्यांनी घेतली नाही. थोर पुरुष कोणास म्हणावे हा प्रश्न त्यांनी आधी उपस्थित केला, रानड्यांना त्या कसोटीवर उतरविले, आणि त्यांच्या मागे उभ्या राहिलेल्या उदारमतवादी पक्षाची संघटना का टिकली नाही हेही विचारले. समकालीन नेत्यांच्या विभूतिपूजेवर त्यांनी केलेल्या प्रहारामुळे वृत्तपत्रांनी गहजब केला. तेव्हा ते भाषण त्यांनी पुस्तकरूपाने छापले आणि प्रस्तावनेत उत्तर दिले.

त्या भाषणातील एक लहानसा प्रसंग आम्हांस येथे मुद्दाम सांगावयाचा आहे. रानड्यांविषयी आपल्याकडे सांगण्यासारख्या व्यक्तिगत आठवणी नाहीत, हे बाबासाहेबांनी प्रांजळपणे मान्य केले. मात्र वडिलांचे जुने कागद चाळताना त्यांना एक अर्ज सापडला होता. सैन्यात महारांची भरती बंद करणाऱ्या १८९२ च्या हुकुमांविरुद्ध महार अंमलदारांनी सरकारकडे केलेला तो अर्ज होता, आणि तो रानड्यांनी लिहून दिला होता असे चौकशीअंती त्यांना कळले. सुभेदार रामजींनी तो कागद जपला नसता, तर हा दुवा आपल्यास मिळाला नसता.

दोन वर्षांपूर्वी आम्ही एका ज्येष्ठ उपासकाच्या पुण्यानुमोदनास गेलो होतो. त्रिशरण-पंचशील झाले, भाषणे झाली, विशेषणांचा पाऊस पडला. निघताना त्यांच्या नातवाने सहज सांगितले की, आजोबांच्या वह्या होत्या, समता सैनिक दलाच्या शाखेच्या हजेऱ्या आणि वर्गणीचे हिशेब होते; खोली रिकामी करताना ते सारे रद्दीत गेले. त्या मुलाचा दोष नाही. त्या सभेत बोललेल्या आम्हां सात जणांपैकी एकानेही, आजारपणाच्या दोन वर्षांत एकदाही, त्या वह्यांची चौकशी केली नव्हती. आमच्या याच पृष्ठांवर त्यांची शोकवार्ता आली. तीत त्यांचे जन्मवर्षदेखील नव्हते.

यास्तव पुढील अंकापासून या सदरासाठी येणाऱ्या मजकुरात कालकथिताचे जन्मवर्ष व जन्मगाव, धम्मदीक्षेचे वर्ष व स्थळ, केलेल्या कामाची वर्षे, छापील व अप्रकाशित लेखन, आणि कागदपत्रे आज कोणाच्या ताब्यात आहेत, एवढे असावे. मतभेदाचा उल्लेख असल्यास तो गाळला जाणार नाही. विशेषणे जागेअभावी कमी करण्यात येतील.