आडनाव आणि वंशनिर्णय : वसईतील एक मर्यादा

खानेसुमारीच्या लागोपाठच्या नोंदी ताडून आडनाव बदललेल्या पूर्वजांचा माग काढण्याची विलायती पद्धत वसई तालुक्यातील चिंचोटीसारख्या गावास लागू पडत नाही. 1948 च्या जनगणना कायद्याच्या 15 व्या कलमान्वये व्यक्तिगत नोंदी पाहण्यास खुल्या नाहीत. साहजिकच अभ्यासक वि. का. राजवाडे यांनी 1924 साली प्रसिद्ध केलेल्या ‘महिकावतीच्या बखरी’कडे वळतो. तीत उत्तर कोकणातील कुळांचा निर्देश आहे. परंतु तिची प्रकरणे निरनिराळ्या काळी रचिलेली असल्याने प्रत्येक कुलनामाचा काळ प्रकरणागणिक ठरवावा लागतो. शिवाय ‘पाटील’ हे मुळात पदनाम, तर 1534 ते 1739 या पोर्तुगीज अमलात रुजलेली ‘परेरा’, ‘लोपीस’ ही नावे बाप्तिस्म्याची खूण होत. म्हणून समान आडनावाची दोन घरे एकवंशीय ठरत नाहीत, आणि भिन्न आडनावांची परकी ठरत नाहीत. चर्चच्या नोंदवह्या व जमिनीचे फेरफार यांत व्यक्ती, तिचा पिता आणि शेत या तिहींचा मेळ बसेल, तेथेच वंश सिद्ध मानावा. आडनावाने शोधास आरंभ होतो. निर्णय मात्र या मेळावरच अवलंबून राहतो.