आधाराची ओळ

अमेरिकेतील महाविद्यालयीन प्रवेशासाठी घेतल्या जाणाऱ्या ‘सॅट’ परीक्षेत मार्च २०१६ पासून काही वर्षे एक प्रश्नप्रकार होता, त्याकडे साहित्याच्या वाचकाने पाहावे असे आम्हांस वाटते. वाचनाचे पाच भाग, ५२ प्रश्न आणि ६५ मिनिटे. त्यांत मधूनमधून प्रश्नांची जोडी येई. पहिला प्रश्न अर्थाचा. दुसरा विचारी, आधीच्या उत्तराला सर्वांत बळकट आधार कोणत्या ओळींत आहे?

समजा, उताऱ्यातील मुलगा वडिलांचे पत्र न बोलता खिशात ठेवतो आणि रात्री पुन्हा काढून वाचतो. त्याच्या मनात राग की ओढ? ‘राग’ म्हणणाऱ्यालाही दुसऱ्या प्रश्नात एक ओळ आयती मिळते, वडिलांच्या कठोर बोलण्याची. ओळ उताऱ्यातीलच असते. पण ती वडिलांविषयी सांगते, मुलाविषयी नव्हे. विषयाशी संबंध असणे निराळे आणि विधान सिद्ध करणे निराळे. जो येथे फसला, त्याचे बहुधा दोन्ही गुण गेले.

शिकवणी घेणारे सांगत, आधी दुसऱ्या प्रश्नातील चारही ओळखंड वाचा, मग पहिल्याचे पर्याय त्यांच्याशी ताडा. जिला जोड नाही ती ओळ गाळा. प्रथम आम्हांस ही चलाखी वाटली. आता वाटते, की आधी मत ठरवून मागाहून आधार शोधणाऱ्याला तो कशालाही सापडतो.

मल्लिनाथाने निराधार काही लिहिणार नाही, अशी प्रतिज्ञाच केली होती. आमची जुनी परीक्षणे चाळताना मात्र ‘अंतर्मुख करणारी’ हे विशेषण वारंवार भेटले. शेजारी कवितेची ओळ क्वचितच.

या प्रश्नांची मर्यादाही उघड आहे. चार ओळखंड परीक्षकच निवडून देतो. कथेत तसे कोणी देत नाही, आणि पुष्कळदा जे लिहिलेलेच नाही तेथेच आधार असतो.

परदेशांत २०२३ मध्ये आणि अमेरिकेत २०२४ मध्ये ही परीक्षा संगणकावर गेली. उतारे जास्तीत जास्त दीडशे शब्दांचे झाले, प्रत्येकावर एकच प्रश्न. आधार विचारणारे प्रश्न राहिले. पण तेथे विधान परीक्षकच मांडतो. स्वतः दिलेले उत्तर ओळींपुढे टिकत नाही म्हणून खोडून पुन्हा उताऱ्याकडे जाण्याची वेळ आता विद्यार्थ्यावर येत नाही.